मोकळा पाइप

४ फेब्रुवारी

ति. दादास,

सा. न. वि. वि. त्यातला विनंतीचा 'वि.' या वेळी अगदी खराखुरा आहे, म्हणून आधीच सावध करते.

तुझं पत्र मिळालं. वहिनीचा गुडघा आता दुखत नाही हे वाचून बरं वाटलं. तू फोन उचलायचं सोडलंस त्याला दोन वर्षं झाली. फोनवर काय बोलायचं, पत्रात मजा आहे, असं तू म्हणतोस आणि आता मलाही त्या मजेची चटक लागली आहे. टपाल आलं की आमच्या नर्स हसतात. या जमान्यात भावाला पत्र लिहिणारी बाई त्यांनी पाहिलेली नाही.

आता मुद्द्याचं. हॉस्पिटलात माझी खोली तळमजल्यावर आहे, रस्त्याला लागून. इथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचे कान मी तपासते. बाळाला काय विचारणार? म्हणून यंत्र. वाटाण्याएवढं मऊ बूच कानात ठेवायचं, त्यातून बारीक टकटक सोडायची आणि आपण गप्प बसायचं. कान चांगला असेल तर आतून उत्तर येतं. चेष्टा करत नाही, दादा, खरंच येतं. कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही आवाज करतो. माणसाला ऐकू येणार नाही इतका बारीक, पण यंत्राला कळतो आणि पडद्यावर हिरव्या पट्ट्या उभ्या राहतात. अठरा वर्षं मी हे बघते आहे, तरी त्या पट्ट्या उठल्या की अजून माझा श्वास थांबतो. दोन दिवसांचा जीव, डोळे मिटलेले, आणि त्याचा कान माझ्याशी बोलतोय!

आणि नेमका तेव्हा डोंगर उतरून एखादा ट्रक येतो. इंजिन ब्रेकचा धडधडाट होतो, काच थरथरते, बाळ दचकतं, पट्ट्या कोसळतात. गेल्या आठवड्यात एकोणीस बाळांपैकी अकरा जणांना परत बोलवावं लागलं. दोष बहुतेक आवाजाचाच असतो, पण त्या अकरा आया आठवडाभर घरी जाऊन पाळण्याशी टाळ्या वाजवत बसतात.

म्हणून नगरपालिका ठराव आणते आहे. गावाच्या हद्दीत इंजिन ब्रेक बंद आणि मोठ्या आवाजाचे सायलेन्सरही बंद. मोजमाप माझ्याकडे दिलंय. चार दिवस मी खिडकीत मीटर लावून बसले. सगळ्यात मोठा आकडा मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आला, आणि मला मान वर करून बघावंही लागलं नाही. तुझी तोफ मी पन्नास ट्रकांत ओळखते.

दादा, सायलेन्सर काढून तो मोकळा पाइप तू का बसवलास? साठी जवळ आली, ही काय हौस? वीस मार्चला सभा आहे. तो आकडा मला तिथे वाचायचा आहे. त्याआधी सायलेन्सर परत लावून घे, एवढीच विनंती.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, तो या पत्राने कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
मुंगी

---

११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अ. आ. म्हणजे आता घरचीच माणसं आमच्यावर मीटर लावणार. छान.

बाळांचं वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तुमच्या त्या सभेतल्या एकानेही कधी तीस टन लोखंडी पत्र्याची गुंडाळी पाठीवर घेऊन तो नऊ किलोमीटरचा उतार उतरलाय का, ते आधी विचार. नुसता पायाचा ब्रेक दाबत आलं तर चौथ्या वळणाला चाकांतले ब्रेकचे ड्रम तापून लाल होतात. त्यापुढे पाय दाबत राहायचं, गाडी ऐकत नाही. म्हणून इंजिन ब्रेक. इंजिन सिलिंडरमध्ये हवा दाबतं आणि दाबलेली हवा एकदम सोडून देतं. त्यात गाडीचा जोर खर्ची पडतो. तो सुटण्याचा आवाज म्हणजे तुमचा धडधडाट. आवाज येतोय म्हणजे गाडी ताब्यात आहे. येईनासा झाला तर मात्र खिडकीतून बाजूला व्हा.

पाइपचं विचारतेस. मला आवडतो. बाईसाहेबांचा आवाज मोठा आहे, काय बिघडलं? (माझ्या ट्रकला मी बाईसाहेब म्हणतो, तू तोफ म्हण नाहीतर आणखी काही.)

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळच्या बसने वर ये. घाटमाथ्यावर मी थांबतो. माझ्या शेजारी बसून एकदा खाली उतर आणि मग तुझा आकडा खुशाल वाच.

रागावलो नाही. रागावलो असतो तर दोन पानं लिहिली नसती. लोभ दोन्हीकडून असू दे.

तुझा
दादा

---

२१ फेब्रुवारी

ति. दादास,

सा. न. वि. वि. दोन दिवस झाले, पण मी अजून त्या उतारावरच आहे.

मला वाटलं होतं की तू मला घाबरवायला नेतो आहेस. तू तर काहीच केलं नाहीस. घाटमाथ्यावर गाडी उभी केलीस, खाली उतरलास आणि एकेका चाकापाशी थांबून हाताचा पंजा ड्रमजवळ नेऊन बघितलास, मी तापाच्या बाळाचं कपाळ बघते तसा. साखळदंड ओढून पाहिलेस. मग वर चढलास, बूट काढून सीटखाली सरकवलेस आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवलेस. पायाला कळतं, म्हणालास.

आणि मग आपण डोंगराच्या काठावरून आत वाकलो. दादा, मी आयुष्यभर त्या डोंगराच्या पायथ्याशी राहिले, पण तो इतका खोल आहे हे मला ठाऊकच नव्हतं. गाव किती चिमुकलं दिसत होतं! हॉस्पिटलची पाण्याची टाकी म्हणजे पांढरं बटण. आणि पाठीमागे ते तीस टन. तू वळणाआधी क्षणभर इंजिन ब्रेक सोडलास ना, तेव्हा मागून साऱ्या डोंगराने आपल्याला हात लावल्यासारखं वाटलं. ढकललं नाही, नुसता हात लावला. मग तू बटण दाबलंस, तो धडधडाट सुरू झाला, आणि माझ्या जन्माची वैरीण असलेली ती तोफ मला, बाळाला पाठीशी बांधून घेणाऱ्या आईच्या कमरेच्या गाठीसारखी वाटली. धरून ठेवलं होतं तिने आपल्याला. सतरा वळणं तू अशी उतरलास की डॅशबोर्डवरच्या ग्लासातलं पाणी हिंदकळलं नाही. मी तुला तीन-चारदा काही विचारलं, तू समोरच बघत राहिलास. बरोबर आहे, अशा जागी गप्पा कोण मारेल.

घरी येऊन मी सभेसाठी लिहिलेलं माझं टिपण फाडलं. इंजिन ब्रेक बंद करा, असं मी आता म्हणू शकत नाही. ते म्हणणं म्हणजे एक दिवस ते तीस टन आमच्याच दारातून आत घेणं. पण मीटरवर आणखी एक गोष्ट दिसते. पूर्ण सायलेन्सर असलेल्या गाड्याही इंजिन ब्रेक मारतच उतरतात, आणि माझ्या पट्ट्या हलत नाहीत. धरतं ते इंजिन, दादा. पाइप काही धरत नाही.

आता तुझी पाळी. पुढच्या फेरीला माझ्या खोलीत ये. येच. गाडी बाहेर उभी कर, अर्धा तास काढ. नाही म्हणू नकोस.

लोभ होताच, आता त्यात थोडी भीती आणि पुष्कळ अभिमान मिसळलाय, तोही सांभाळ.

तुझी
मुंगी

---

६ मार्च

चि. मुंगीस,

अ. आ. तुझ्या खोलीतून मी खरं कारण न सांगता निघून आलो. माल उतरवायचाय म्हणालो ते खोटं होतं, माल सकाळीच उतरला होता.

आधी चांगलं लिहितो. ते बाळ. माझ्या एका तळहातावर मावलं असतं. तू बूच लावलंस, मी त्या लहानशा स्टुलावर अंग चोरून बसलो. वाटलं, माझा श्वास लागला तरी यंत्र बिघडेल. आणि पट्ट्या उठल्या. एक, दोन, मग सगळ्या. तू कागदावर लिहून मला दाखवलंस, 'हे त्याचं उत्तर'. मुंगी, मी मोठे पूल पाहिलेत, समुद्रावरची बंदरं पाहिलीत, पण असं काही पाहिलं नव्हतं. ज्याला अजून मान धरता येत नाही तो आतून उत्तर देतो. त्याची आई रडायला लागली, मीही तोंड फिरवलं.

मग मी वेड्यासारखी थट्टा केली, की माझाही कान बोलतो का बघ. तू मोठं बूच घेतलंस. आधी उजवा, गाडीत खिडकीकडे असतो तो कान. पडदा काळाच राहिला. मग दुसरा. एक पट्टी उठली आणि बसली. तू नळाशी जाऊन किती वेळ हात धूत राहिलीस.

तीन वर्षं झाली. आधी गाडीतली इंडिकेटरची टिकटिक गेली. मग तुझ्या वहिनीचं स्वयंपाकघरातून बोलणं. मग फोन. आणि एक दिवस चढावर इंजिन गुदमरत होतं आणि मला कळलंच नाही, जळका वास आला तेव्हा कळलं. अगं, गिअर कानाने बदलतात. तीस वर्षं मी डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे बघितलेलं नाही. म्हणून गॅरेजवाल्याला सांगितलं की सायलेन्सर काढ, जरा रुबाब दिसू दे. मोकळ्या पाइपाचा आवाज मला छातीत कळतो. तळपायांना कळतो. लोक म्हणतात म्हाताऱ्याचा माज गेला नाही. म्हणू देतो. बहिरा म्हणण्यापेक्षा माजोरडा म्हटलेलं मला चालतं.

सायलेन्सर बसवला तर माझी गाडी मुकी होईल. आणि खरं सांगितलं तर परवाना जाईल. मला दुसरं काही येत नाही.

तुझ्या वहिनीला कळवू नकोस. आणि सभेत तो आकडा वाच. माझ्यासाठी गिळू नकोस.

आशीर्वाद आहेतच. लोभाचं तू ठरव.

तुझा
दादा

---

८ मार्च

ति. दादास,

सा. न. वि. वि. लोभाचं ठरलेलं आहे, ते विचारायचं नाही.

मला तिसऱ्या वळणालाच कळलं होतं, पत्रात लिहिलं नाही इतकंच. तुझ्या डाव्या बाजूने मी विचारलं की भीती वाटते का, आणि तू म्हणालास, हो, पाऊण तासात पोचू. हे माझं रोजचं काम आहे, दादा. नळाशी मी हात धूत नव्हते, तोंड लपवत होते.

आता जे लिहिते ते वाचून राग आला तर येऊ दे. तुझे तळपाय इंजिन ऐकतात, हे मी स्वतः पाहिलं आणि थक्क झाले. पण मागच्या गाडीचा हॉर्न तळपायांना ऐकू येत नाही. रुग्णवाहिका येत नाही. रस्ता ओलांडताना ओरडणारं माणूस येत नाही. इतके दिवस काही झालं नाही, ते तुझं कसब आणि इतरांचं नशीब. त्या नशिबावर आणखी एक फेरी मारू नकोस. किल्ली ट्रकच्या मालकांकडे दे आणि कारण तू स्वतः सांग. मी कुणाकडे तुझं नाव घेणार नाही, पण तू गाडी काढलीस असं कळलं तर मी उताराच्या पायथ्याशी रस्त्यात उभी राहीन. मला ओळखतोस.

नीट तपासणीला ये. कानातली यंत्रं बसवू. ती लावून परवाना राहतो, काहींचा राहिला आहे, पण तुझा राहीलच असं वचन मी देत नाही. ते ठरवणारे डॉक्टर वेगळे.

आणि वहिनीला सांग. आज सांग, जेवायला बसायच्या आधी.

मोठेपणाने धाकटीचं ऐकावंस, बाकी काय लिहू.

तुझी
मुंगी

---

२२ मार्च

चि. मुंगीस,

अ. उ. आ. मी काही तुम्हा दोघांसारखी पत्र लिहिणारी नाही, तेव्हा चुकलंमाकलं सावरून घे. पण सभेत जे तुला समोरून दिसलं नसेल ते तुला कळायला हवं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं. मी आधी हसले. मग काय झालं कोण जाणे, मला रडूच आवरेना. मुंगी, तीन वर्षं मला वाटत होतं की यांचं माझ्यावरून मन उडालंय. मी हाक मारायची आणि यांनी पाठ फिरवून बसायचं. मी काही सांगायला जायचं आणि यांनी मध्येच वेगळा विषय काढायचा. मी माझ्या बहिणीलाही बोलले नाही, असलं काय बोलणार? आणि गोष्ट एवढीच होती की यांना ऐकू येत नव्हतं. राग यायला हवा होता, पण मला इतकं हलकं वाटलं की मी उठून यांचे दोन्ही कान धरले.

दुसऱ्या दिवशी किल्ली मालकांना देऊन आले. मालकांनी काढून टाकलं नाही, तपासणी होईपर्यंत यार्डात गाड्यांची चाकं बघायला ठेवलंय. नंतर हे अर्धा दिवस ट्रकखाली उताणे पडून होते. पाइप स्वतःच्या हाताने काढला, सायलेन्सर स्वतः बसवला. गॅरेजवाल्याला हात लावू दिला नाही.

सभेत आम्ही शेवटच्या रांगेत होतो. कोण काय बोलतंय ते मी सभेच्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून यांना दाखवत होते. तू आकडा वाचलास, तोही लिहिला. मग ते ट्रकवाले उठले, आमच्या पोटावर पाय देता म्हणाले, तेही लिहिलं. इतकं लिहिलं की कागद भरला. आणि नवा शोधायला मी पिशवीत हात घातला तेवढ्यात हे उभे राहिलेले! मला काही बोलले नव्हते, देवाशपथ.

बोलले ते तू ऐकलंसच. की इंजिन ब्रेकला हात लावाल तर गावात प्रेतं मोजाल, तेवढं करू नका. पण पाइप मोकळा ठेवल्याने गाडी तसूभरही जास्त थांबत नाही, आम्ही तो आमच्यासाठी ठेवतो. कोणी रुबाबासाठी ठेवत असेल, मी ठेवला कारण मी बहिरा झालोय आणि ते सांगायची मला लाज वाटली. सगळ्या ट्रकवाल्यांत मोठा माणूस, ज्याच्याकडून अर्ध्यांनी घाट शिकला, तो असं म्हणाला. मुंगी, तेव्हा सभागृहात जी शांतता झाली ती यांना कळलीच नाही. यांना वाटलं आवाज पोचला नाही. म्हणून हे सगळं पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने म्हणाले.

मी पुढचं काही लिहून दाखवू शकले नाही. हात धरून खाली बसवलं.

ठराव तुझ्या शब्दांत मंजूर झाला हे आज पेपरात वाचलं. इंजिन ब्रेक चालेल, पूर्ण सायलेन्सर हवा. बरं झालं.

इकडे ये. लोभ पत्रात मावत नाही, जेवायला ये.

तुझी
वहिनी

---

२ जुलै

चि. मुंगीस,

अ. आ. परवाना राहिला. दोनदा तपासलं, तिसऱ्या डॉक्टरांनी सही केली. अट अशी की यंत्रांशिवाय चाक हलवायचं नाही. खिडकीकडचा कान फारसा सुधारणार नाही म्हणाले. असू दे, दुसरा आहे.

पहिले पंधरा दिवस मी यंत्रं काढून फेकणार होतो. आपलं घर इतकं भांडखोर आहे हे मला माहीत नव्हतं. नळ ओरडतो, पेपर ओरडतो, चमचे तर मारामारी करतात. तुझी वहिनी तीन वर्षांच्या सवयीने अजून मोठ्यानेच बोलते. हळू बोल म्हटलं की दोघंही हसतो.

काल पहिली फेरी झाली. त्याबद्दलच लिहायचं होतं.

घाटमाथ्यावर सगळं नेहमीसारखं केलं. बूट काढायला वाकलो आणि म्हटलं, राहू दे. बूट घालून उतरलो. पहिल्या वळणाला बटण दाबलं. मला वाटलं होतं आता मुकी गाडी हाकायची. अगं, मुकी? मोकळ्या पाइपाच्या त्या एका आरडाओरड्याखाली या बाईसाहेब एवढं काय काय बोलत होत्या! टर्बोची शीळ, बारीक, वळणागणिक चढणारी. पंख्याचं घुमणं वेगळं. हवेच्या ब्रेकचा सुस्कारा. डांबर संपून काँक्रीट लागलं की टायर सूर बदलतात, हे मी नवशिका असताना ऐकलं होतं आणि विसरून गेलो होतो. आणि या सगळ्यांच्या तळाशी इंजिन ब्रेक. धडधडाट नाही, जाड आणि खोल गुरगुर. मोठं जनावर झोपेत श्वास घेतं तशी. तीस टन धरून ठेवले होते त्याने, एवढ्याशा आवाजात. स्टिअरिंगवर हात होते म्हणून, नाहीतर मी टोपी काढली असती.

गावच्या वेशीवर तुमची नवी पाटी बघितली. रस्त्याने गेलो. भाजीवालीने मान वर केली नाही. शाळेची खिडकी कुणी लावून घेतली नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी गावातून गेलो आणि गावाला पत्ता लागला नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिघे ट्रकवाले तुझ्याकडे कान तपासायला येऊन गेले म्हणतेस. दोघांनी मला वाटेत गाठून विचारलं होतं, की दुखतं का. नाही म्हटलं. एक जण मात्र माझ्याशी बोलत नाही, माझ्यामुळे त्याला पाइप काढावा लागला. बोलेल.

माल उतरवायच्या आवारात गाडी लावली, इंजिन बंद केलं. दार उघडलं, एक पाय खाली ठेवला, आणि मागे काहीतरी टिकटिकलं. थांबलो. पुन्हा टिक. वाटलं, कुठेतरी गळतंय. बॉनेटला कान लावला. गळत काही नव्हतं. तापलेलं लोखंड निवत होतं. आकसताना आवाज होतो त्याचा. आधी भराभर, मग सावकाश, मग दोन टिकांमध्ये इतकं अंतर की वाटावं, झालं. आणि पुन्हा एक.

तीस वर्षं प्रत्येक उतारानंतर ती अशी निवत असणार आणि मी दार आपटून निघून जात असणार. हमाल मला हाका मारत होते, त्या मला ऐकू येत होत्या. मी हाताने थांबा म्हणालो. शेवटची टिक होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

कागद संपला. तुझ्यावरचा लोभ कागदाबाहेरचा, तो तसाच राहील.

तुझा
दादा